बिल्ला परत करा

इंग्लंडातल्या मराठी मंडळात एक हिरवेकाका असतातच. आडनाव हिरवे असायची गरज नाही. कार्यकारिणीच्या बैठकीत कधीतरी "पर्यावरणाचं कोण बघणार?" असा प्रश्न निघतो, बाकीचे सगळे एकदम आपापल्या चहात बघू लागतात आणि एक हात वर जातो. त्या दिवशी बारसं होतं.

आमच्या काकांनी उभी हयात दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालवली. निवृत्तीनंतर ते दुसऱ्यांचा कार्बन तपासू लागले. 2021च्या नोव्हेंबरात ग्लासगोला जागतिक हवामान परिषद भरली, तेव्हा काका यूस्टनहून रेल्वेनं साडेचार तास बसून गेले. पुढारी मंडळी क्लाइड नदीच्या एका काठावर, काका दुसऱ्या काठावर, सायन्स सेंटरमधल्या ग्रीन झोनमध्ये. तिथे तुमच्याआमच्यासारख्यांना प्रवेश होता. पण "मी ग्लासगोला होतो तेव्हा..." हे ते अशा आवाजात सुरू करतात की करारावर यांचीच सही तेवढी राहून गेली असावी.

त्यांचं कुलदैवत आयएसओ 20121. समारंभ आणि परिषदा पर्यावरण सांभाळून कशा भरवाव्यात, याचं हे आंतरराष्ट्रीय मानक. बीएस 8901 या 2007च्या ब्रिटिश मानकातून ते वाढलं आणि 2012च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी जगापुढे आलं. ऑलिम्पिकला चाललं ते आपल्या कोजागिरीला का चालू नये, असा काकांचा सवाल. सवालात खोट नाही, कोजागिरीत आहे. अन्न वाया जाऊ नये तर माणसं किती येणार हे आधी कळायला हवं, आणि मराठी माणूस "येणार ना?" या प्रश्नाला "बघू" म्हणतो. "बघू"ला बटाटेवडे किती धरायचे? जुन्या वह्या चाळून काकांनी सूत्र काढलं : "नक्की येतो" म्हणजे अर्धा माणूस, "बघू" म्हणजे पाऊण, आणि "यंदा नाही हो जमणार" म्हणजे भारतातून आलेल्या सासू-सासऱ्यांसकट चार. हे सूत्र अजून चुकलेलं नाही.

परिषदेच्या धुरात सिंहाचा वाटा ताटल्या-पेल्यांचा नसून लोकांच्या येण्याजाण्याचा असतो, हे काका जाणून आहेत. मंडळात हे कळलेले ते एकटेच, हेही कबूल करायला हवं. म्हणून त्यांनी हट्टानं ट्यूब स्टेशनपासून पाच मिनिटांवरचा हॉल घेतला. त्या रविवारी नेमकी ती लाइन दुरुस्तीसाठी बंद. एकेका मोटारीत एकेक माणूस बसून सगळे वेळेवर आले. काका रेल्वेच्या बदली बसनं पोचले, तेव्हा आभारप्रदर्शन चाललं होतं.

1 ऑक्टोबर 2023 पासून इंग्लंडमध्ये एकदाच वापरायचे प्लास्टिकचे काटे-चमचे देण्यावर बंदी आली. काकांना जणू राज्याभिषेक झाला. त्यांनी थेट पुण्याहून पानांच्या पत्रावळ्या मागवल्या. पुतण्याच्या 23 किलोंच्या बॅगेत अकरा किलो पत्रावळ्या!

"विमानाचा धूर कुणाच्या खात्यावर घातलात?" स्वयंपाकाचं बघणाऱ्या मावशींनी विचारलं.

"पुतण्या येणारच होता."

"मग माझी चकलीची भाजणीही आली असती की."

यावर आयएसओकडे उत्तर नाही.

जेवणं आटोपली की मावशी आणि त्यांच्या चार मैत्रिणी पिशव्यांतून आइस्क्रीमचे आणि दह्याचे रिकामे डबे काढतात. दहा मिनिटांत मसालेभाताची पातेली चाटूनपुसून लख्ख. या डब्यांनी किती संसार पाहिलेत कोण जाणे. आमच्या घरच्या एका डब्यावरचं व्हॅनिला आता वाचताही येत नाही. या बायका हे गेली तीस वर्षं करताहेत, ग्लासगोला न जाता. काका शेजारी उभे राहून डबे मोजतात आणि अहवालात लिहितात : "अन्ननासाडी शून्य. उद्दिष्ट साध्य."

पण काकांचा खरा जीव नावाच्या बिल्ल्यांत. कार्यक्रम संपला की ते दारात उभे राहून बिल्ले गोळा करतात. पहिल्या वर्षी कार्ड उलटून मागे नवं नाव लिहिलं. दुसऱ्या वर्षी दोन्ही बाजू भरल्या. तेव्हापासून जो बिल्ला हाती येईल तो लावायचा, असा ठराव आहे. गेली दोन वर्षं मी कोषाध्यक्ष आहे. अनोळखी माणसं माझ्याकडे मागच्या सहलीचा हिशेब मागतात. गेल्या दिवाळीला एका गृहस्थांनी तर मला बाजूला घेऊन वर्गणीचे वीस पौंड रोख दिले. मी ते दारात काकांच्या हवाली केले आणि म्हटलं, "काका, त्यांना पावती द्यायला हवी."

"कागदाची?" काकांचा चेहरा पडला. मग सावरून त्यांनी हात पुढे केला. "आधी बिल्ला."