अडीच तोळ्यांची मालगाडी

आमच्या केनवडला रेल्वे नाही. केनवडलाच कशाला, अख्ख्या रिसोड तालुक्यात नाही. रिसोडला पिंगलाक्षी देवी आहे, बाजार समिती आहे. पण रूळ बघायचा तर वाशीम गाठावं लागतं. आमच्याकडे 'गाडी' म्हणजे एस.टी. आणि 'लाइन' म्हणजे वीज. 'लाइन गेली' हे वाक्य गावात इतक्यांदा उच्चारलं जातं, की पोरं 'आई'नंतर तेच शिकतात, असा निवृत्त शिक्षक या नात्यानं माझा अनुभव आहे.

अशा गावात मी रेल्वेचा मालक आहे. माझ्याकडे एक इंजिन, बारा वॅगनी, एक ब्रेक व्हॅन आणि साडेनऊ फूट रूळ आहे. गाडी बुटाच्या खोक्यात मावते. रूळ चार फूट बाय अडीच फुटांच्या प्लायवर ठोकलाय आणि तो प्लाय ओसरीतल्या धान्याच्या कोठीवर आडवा टाकलाय. कोठीतून गहू काढायचा तर आधी रेल्वे उचलावी लागते. दळणासाठी उचलून ठेवावी लागणारी देशातली ही एकमेव रेल्वे, असं आमच्या सौभाग्यवतीचं म्हणणं आहे.

हे दुखणं पुण्याहून आलं. भाचा कोथरूडला राहतो. 'मामा, एक गंमत दाखवतो,' म्हणून त्यानं मला जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये नेलं. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभर जोपासलेला हा छंद १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुला झाला. तारीख थट्टेची, पण प्रकरण भलतंच गंभीर. हाताच्या पंजाएवढ्या डब्यांच्या गाड्या, त्यांचे पूल, त्यांचे सिग्नल! लोक प्रवासी गाड्या बघून हरखत होते. मी भाच्याला विचारलं, 'यात मालगाडी कोणती?'

त्याला माझा प्रश्न कळला नाही. पुण्याच्या माणसाला कळणारही नाही. प्रवासी गाडी ही स्टेशनवाल्या गावांची मिरास. बिनस्टेशनच्या गावाचं रेल्वेशी नातं असतं ते मालगाडीच्या मार्फत. मराठीत बस लागते, बोट लागते, ठेच लागते, वेड लागतं. आमच्याकडे जून महिन्यात रेक लागतो. पेरणी तोंडावर आली की पानटपरीपासून पारापर्यंत एकच चौकशी : 'डीएपीचा रेक लागला का?' विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी रेक कधी पाहिलेला नसतो. पण त्यातून उतरलेली खताची गोणी त्यांच्या पाठीवरून घरात येते. ज्या गाडीत आपण कधी बसलो नाही, पण जी दरसाल आपल्या घरी येते, तिला पाहुणा म्हणायचं नाही तर काय?

म्हणून मी ठरवलं, की करायची तर मालगाडीच.

या छंदात सगळा खेळ प्रमाणाचा. जोशींकडचं माप 'एचओ', म्हणजे खऱ्या गाडीचा ८७वा हिस्सा. त्याहून लहान ते 'एन'. यात रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर आणि गाडी खऱ्याचा १६०वा हिस्सा. त्याहीपेक्षा बारीक 'झेड', २२०वा हिस्सा. ते जर्मनीच्या मार्कलिन कंपनीनं १९७२ मध्ये आणलं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला, त्यामुळे झेडचा विचार सोडला. कोठीच्या मापानं 'एन' पक्कं केलं.

मग वॅगनींचा अभ्यास. सिमेंट-खताच्या बंद वॅगनीला रेल्वे 'बीसीएन' म्हणते. बी म्हणजे बोगी, सी म्हणजे कव्हर्ड आणि एन म्हणजे हवेवर चालणारा, न्यूमॅटिक ब्रेक. 'न्यूमॅटिक'चं इंग्रजी स्पेलिंग 'पी'पासून सुरू होतं. तेहतीस वर्षं मी या एका अक्षरासाठी पोरांचे गुण कापले, आणि इथं भारतीय रेल्वेनं ते गाळून वर वॅगनीवर रंगवून ठेवलेलं! त्या सगळ्या पोरांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

कोळशाची उघडी वॅगन ती 'बॉक्सएन'. मी हीच निवडली. खरी १०.७१ मीटर लांब, एन मापात ६.७ सेंटिमीटर. आगपेटीपेक्षा बोटभर जास्त. खऱ्या रेकमध्ये अशा ५८-५९ वॅगनी लागतात. हिशेब मांडला तर ५८ वॅगनींची लांबी पावणेतेरा फूट झाली. माझी ओसरी बारा फुटी. म्हणजे शेवटचा ब्रेक व्हॅनचा डबा गोठ्यात जाणार. त्यात बसणाऱ्या गार्डाला रेल्वे २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणते. मॅनेजरला म्हशीशेजारी बसवणं बरं दिसलं नसतं. बारा वॅगनींवर भागवलं.

वॅगनी भाच्याच्या मित्रानं थ्रीडी प्रिंटरवर छापून पाठवल्या. राखाडी, कोऱ्या, गुळगुळीत. आता या छंदाचा शिरस्ता असा, की नवी वॅगन आधी छान तांबूस रंगवायची आणि मग तिला जुनी करायची. गंजाचे डाग काढायचे, धुळीचे पट्टे मारायचे, चहाच्या चोथ्याच्या पाण्यानं कळकट करायची. आमच्या घरातल्या बाईनं चाळीस वर्षं राखेनं भांडी लखलखीत केली. नवी वस्तू मुद्दाम मळवणारा माणूस ती पहिल्यांदाच बघत होती, आणि तोही नेमका आपल्याच घरात.

बारा वॅगनी इंजिनाला जोडून गाडी सोडली. पहिल्याच वळणावर सहा घसरल्या. कारण साधं होतं. प्लास्टिकची वॅगन भरली जेमतेम सहा ग्रॅम. पंखा लावला तरी रूळ सोडायची. अमेरिकेत १९३५ पासून या छंदाची एक मोठी संघटना आहे, नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन. तिचा वजनाचा दंडक असा : एन मापाच्या डब्याला अर्धा औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला ०.१५ औंस. माझ्या वॅगनीला तो हिशेब आला २५ ग्रॅम. मला परकीय दंडकाची खात्री वाटेना, म्हणून स्वदेशी ताळा करून पाहिला. भरलेली खरी बॉक्सएन ८१ टनांची. तिला लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही अंगांनी १६० नं भागलं, म्हणजे सुमारे ४१ लाखांनी भागलं, तर उरतात २० ग्रॅम. वरचे पाच ग्रॅम घडणावळीचे धरले.

ट्रॅक्टरच्या गॅरेजातून नट आणि वायसर आणले. पण २५ ग्रॅम तोलायचे कशावर? किराणा दुकानाचा काटा गुळाच्या ढेपेसाठी. माझी वॅगन ठेवली तर त्याची झोपमोडही झाली नाही. मग वॅगन आणि वायसर खिशात घालून रिसोडला सराफाकडे गेलो.

सराफ पडला माझा जुना विद्यार्थी. त्यानं सवयीनं गुलाबी कागद पसरला, वॅगन काट्यावर ठेवली आणि चिमट्यानं एकेक वायसर आत सोडू लागला. अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमनं गाडी जमत आली आणि त्यानं खड्या आवाजात सांगितलं, 'भरले गुर्जी! अडीच तोळे पक्के!' वॅगन गुलाबी कागदात बांधून दोन्ही हातांनी माझ्या हाती दिली. पैसे घेतले नाहीत. माझ्या पाठीमागे केनवडचे दोघे जण बसले होते, हे मला नंतर कळलं. त्यांना वॅगन दिसली नव्हती. त्यांना पुडी दिसली होती.

एस.टी.तून उतरलो तर पानटपरीवाला म्हणाला, 'गुर्जी, पेढे कधी?' मला वाटलं, नातवाच्या नोकरीचं विचारतोय. संध्याकाळी सेवा सोसायटीचे गटसचिव घरी आले, पाणी प्याले, कर्जाच्या थकबाकीची अत्यंत मायेनं चौकशी करून गेले. रात्री मेहकरहून मेव्हणीचा फोन आला आणि तो पाऊण तास चालला. दुसऱ्या दिवशी जेवायला पुरणपोळी. कारण विचारलं तर 'असंच' म्हणून सौभाग्यवती लाजली. लग्नानंतर हे दुसऱ्यांदा घडत होतं, तेव्हा मी संशय घ्यायला हवा होता. पण मी वळणाच्या त्रिज्येचा विचार करत होतो.

दिवाळीचा पाडवा आला. तिनं ओवाळलं. मी तबकात पाचशेची नोट ठेवली. ती उठेना.

'अन् पुडी?'

'कोणती पुडी?'

'गुलाबी. साऱ्या गावाले मायीत हाये, मलेच लपवता का?'

माझा ऊर भरून आला. अखेर या घरात कुणाला तरी माझ्या मालगाडीत गोडी वाटली! धावत जाऊन पुडी आणली. तिनं डोळे मिटून, देवीचं नाव घेऊन ती उघडली. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. निरांजन तेवढं तडतडत होतं.

'हे काय होय वो?'

'बॉक्सएन,' मी अभिमानानं सांगितलं. 'एक्क्याऐंशी टनांची.'

पुढचा संवाद वऱ्हाडीत झाला आणि तो छापण्याजोगा नाही. त्या वॅगनीचं खरं बिल मला पुढच्या महिन्यात भरावं लागलं. वजन अडीच तोळे नव्हतं, पण सराफ तोच होता आणि कागदही गुलाबीच होता.

त्यानंतर मात्र गाडी घसरली नाही. बाराही वॅगनी तोलून-मापून पळू लागल्या. गावातली पोरं बघायला येऊ लागली. 'गुर्जी, माल भरा ना!' म्हणून एकानं मूठभर सोयाबीन आणलं. सोयाबीनचा दाणा एन मापात जवळपास सव्वा मीटर व्यासाचा धोंडा होतो. वॅगन भरली की डोंगर कोसळून गाडीत पडल्यासारखी दिसते. तरी पोरांच्या आग्रहाखातर बाराही भरल्या आणि नंतर माल मोजला. पावशेरसुद्धा भरेना. 'बाजार समितीत नेऊ नका,' पोरगं म्हणालं, 'तिथं ओलावा काढतीन.' शेवटी कोळसा म्हणून मोहरी ठरली आणि रुळाखालची खडी म्हणून खसखस. एवढं झाल्यावर स्वयंपाकघराच्या डब्यांना कुलपं लागली.

विजेचं कसं, असं तुम्ही विचाराल. ही गाडी १२ व्होल्टवर चालते. घरातली लाइन बेभरवशाची. पण आमच्या बॅटरीवरच्या फवारणी पंपातही १२ व्होल्टचीच बॅटरी असते, आणि फवारा कमी-जास्त करायला वर एक गोल बटण. बटण फिरवलं की माझी मालगाडी हळू-जोरात. जर्मन इंजिन, पुणेरी वॅगनी आणि केनवडचा फवारणी पंप! फक्त एक आहे. तुरीवर अळी पडली की धाकटा भाऊ दारात उभा : 'दादा, पंप पाह्यजे.' त्या दिवशी रेल्वे बंद. खऱ्या रेल्वेत माल वेळेत उतरवला नाही की डॅमरेज भरावं लागतं. मी डॅमरेज म्हणून भावासोबत शेतात जाऊन पाण्याचे हंडे भरतो.

हल्ली मला एका नव्याच गणितानं पछाडलंय. आमच्याच जिल्ह्यातल्या कारंजावरून मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला धावायची. वऱ्हाडातला कापूस वाहून नेण्यासाठी टाकलेली ती अरुंद लाइन, रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. १९९४ पर्यंत तिला मँचेस्टरचं वाफेचं इंजिन ओढत होतं. आता तीही थांबली आहे. एका रात्री सहज ७६२ ला ८७ नं भागलं. उत्तर आलं ८.७६. माझा रूळ ९ मिलिमीटरचा! म्हणजे डबे तेवढे जोशींच्या मापाचे घेतले, तर कोठीवर रूळ आहे तो शकुंतलेचाच. एवढे दिवस मी तिच्या मार्गावर कोळसा वाहत होतो.

भाच्याला लगेच फोन केला आणि शकुंतलेसाठी सहा नव्या वॅगनी सांगितल्या, ८७व्या हिश्शाच्या. मालाची अडचण नाही. सोयाबीन लहान गाडीत धोंड्यासारखं दिसतं. कापूस मात्र कुठल्याही मापात कापूसच दिसतो. वजनासाठी या खेपेला वायसर घरीच तोलणार आहे. त्यासाठी छोटा काटा मागवलाय, आणि तो आला तेव्हा खोकं आधी सौभाग्यवतीच्या हाती देऊन, तिच्यादेखत फोडलं.

तुम्हाला आमची रेल्वे बघायची असेल तर जरूर या. वाशीमला उतरा, तिथून एस.टी.नं रिसोडमार्गे केनवड. फक्त निघण्याआधी तुरीवर अळी नाही ना, एवढं विचारून घ्या. फवारणीच्या दिवसांत आमच्या सर्व गाड्या रद्द असतात.