खंबाटकीचा उतार आणि पाच किलोचं माप

पुण्याहून पाचगणीला सायकलवर निघालात की खंबाटकीच्या चढाबद्दल प्रत्येक जण बजावून सांगतो. उताराबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. आमच्यासोबत हाडांचे एक डॉक्टर होते. त्यांची सायकल जेमतेम ८ किलोची आणि खरी किंमत घरी कळू नये इतकी महागडी. पुढचा फोर्क कार्बनचा. घाट उतरताना त्यांनी पुढचा ब्रेक दाबला की हँडलाखालून ‘टक्’ असा आवाज यायचा. लोकांच्या हाडांचे असलेच आवाज ऐकून ज्यांनी बंगला बांधला, ते डॉक्टर या एका ‘टक्’ने पांढरेफटक पडले.

सुरूर फाट्यावर पंक्चरचं दुकान दिसताच उतरलो. डॉक्टरांनी पुढचा ब्रेक आवळून धरला, फोर्क फ्रेममध्ये शिरतो त्या सांध्यावर बोट टेकवलं आणि सायकल मागेपुढे हलवली. बोटाला खेळ लागला. हँडल आणि फोर्कची नळी यांना जोडणारा आखूड दांडा, म्हणजे स्टेम, ढिला झाला होता.

आपल्याकडे रस्त्यात काही ढिलं दिसलं की माणसं जमतात आणि जमली की आवळायलाच बघतात. दुकानदार हातोडा घेऊन आला. त्याचंही चुकलं नव्हतं. जुन्या काळ्या सायकलीत हँडलाचा दांडा नळीच्या आत असतो आणि पाचर अडकवून बसवलेला असतो. तो सोडवायचा तर वरच्या बोल्टवर एक ठोका घालावाच लागतो. डॉक्टर हँडलावर आडवे पडले. “दादा, हा कार्बन आहे! लोखंड आधी वाकतं, हा न सांगता-सवरता मोडतो.”

“मग इकत कशाला घेतला?” दादांनी रास्त प्रश्न विचारला आणि बोटावर ग्रीस घेतलं. डॉक्टर पुन्हा ओरडले. कार्बनच्या नळीला ग्रीस लावलं की स्टेमची पकड सुटते; तिथे लावायची ती बारीक वाळूसारखी खरखरीत पेस्ट, आणि ती फाट्यावर मिळत नाही.

एवढ्यात गर्दीतल्या एका उत्साही तरुणाने वरच्या टोपीचा बोल्ट पिळायला घेतला. तिथेच सगळे फसतात. ही टोपी एखाद्या समारंभाच्या अध्यक्षासारखी असते: सगळ्यांत वर, सगळ्यांना दिसणारी, आणि काम सुरुवातीला जरा दाबण्यापुरतं. भार पेलतात ते स्टेमच्या मागच्या बाजूचे दोन बोल्ट. ते आवळलेले असताना टोपी पिळली, तर खेळ जात नाही. उलट कार्बनच्या नळीत फुगवून बसवलेला प्लगच वर सरकायचा.

डॉक्टरांनी ऑपरेशन हाती घेतलं. आधी मागचे दोन्ही बोल्ट सैल. मग टोपी हलक्या हाताने, खेळ जाईपर्यंत. हँडल अडखळायला लागलं की पाव फेरा मागे. मग स्टेम चाकाच्या रेषेत. शेवटी मागचे बोल्ट थोडे हा, थोडे तो, असे आळीपाळीने. पण किती? स्टेमवर मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं: ५ न्यूटन-मीटर.

“पाच नंबरचा पाना हाय की,” दादा म्हणाले. पाना चार नंबरचा लागत होता. पाच हा जोर होता, आणि तो मोजणारा टॉर्क रेंच पुण्यात, डॉक्टरांच्या कपाटात सुखरूप होता.

शेजारी एक मावशी स्ट्रॉबेरी विकत होत्या. त्यांच्याकडे हुकाचा काटा होता. डॉक्टरांचा चेहरा उजळला. बोल्टपासून १० सेंटिमीटरवर काटकोनात ५ किलोचा ओढा दिला, की झाले जवळजवळ ५ न्यूटन-मीटर! दादांच्या लांब ॲलन कीवर खडूने खूण केली, काट्याचा हुक तिथे अडकवला आणि डॉक्टर ओढू लागले. मावशी काट्यावर नजर लावून बसल्या. तीन... चार... साडेचार...

“अजून एक हिसका द्या, साहेब,” गर्दीतून आग्रह झाला.

“पाच झालं. थांबा,” मावशींनी काट्याला हात घातला. “वरचं माप म्या कुणालाच देत न्हाई.”

दुसऱ्या बोल्टलाही तोच न्याय मिळाला. ब्रेक धरून सायकल हलवली, ‘टक्’ गायब. काट्याच्या भाड्यापोटी डॉक्टरांनी स्ट्रॉबेरीचे दोन डबे घेतले. आठ किलोच्या सायकलवर ते ठेवायला जागाच नव्हती, म्हणून ज्यांना आवळायला मिळालं नव्हतं त्या सगळ्यांनी मिळून ते तिथेच संपवले.

निघताना डॉक्टरांनी दादांपुढे पन्नासची नोट धरली. दादा संकोचले. “ह्ये कशाचं? म्या तर कायबी आवळलं न्हाई.”

“त्याचेच,” डॉक्टर म्हणाले आणि वाईच्या रस्त्याला लागले.