किरकोळ : ३ रुपये

जुने भाव सांगणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज असतं. "आमच्या वेळी सोनं त्रेसष्ट रुपये होतं," हे तो अशा थाटात सांगतो, की तो भाव सराफाशी हुज्जत घालून त्यानेच पाडून घेतला असावा. "मग तेव्हाच घेऊन का नाही ठेवलंत?" असं विचारलं, तर विषय एकदम पावसापाण्याकडे वळतो.

भाव मात्र खरा आहे. १९६४ साली दहा ग्रॅम सोनं ६३ रुपयांच्या आसपास होतं. २०२५ मध्ये त्याने लाख ओलांडला. सांगणारा फक्त पगार सांगायला विसरतो. आमच्या आजोबांची त्या सुमाराची जमाखर्चाची वही अजून घरात आहे. जमेच्या बाजूला एकच ओळ : पगार १२५ रुपये. म्हणजे दहा ग्रॅम सोन्यासाठी सगळ्या घराने अर्धा महिना उपास काढायचा. एवढ्या एकादश्या आमच्या आजीलाही झेपल्या नसत्या.

खर्चाची बाजू मात्र पानभर. दाढी, टांगा, दळण, गावी मनिऑर्डर, देवापुढे ५ पैसे. देवाचेसुद्धा लिहिलेले! आणि महिनाअखेर, जरा बारीक अक्षरात : 'किरकोळ – ३ रुपये.' पाच पैशांचा हिशेब ठेवणारा माणूस तीन रुपये एका शब्दात गुंडाळतो, तेव्हा त्यात मिसळ असणार, एखादा सिनेमा असणार, निदान पानपट्टी तरी असणारच. वही आजीही वाचत असे, हे इथे लक्षात घ्यायला हवं. मला डाळ-तांदळाच्या भावापेक्षा या किरकोळीचंच कुतूहल जास्त आहे. पण आजोबा पक्के. महिन्यामागून महिने उलटले तरी किरकोळीची फोड कुठेही नाही.

महागाई कधी सुरू झाली, याबद्दल आजीचं मत ठाम होतं : १ एप्रिल १९५७. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पया. त्या दिवसापासून शंभर नवे पैसे आले आणि आण्याची किंमत झाली सव्वासहा नवे पैसे. आता हा वरचा पाव पैसा द्यायचा कसा? पाव पैशाचं नाणंच नव्हतं. तो कायम दुकानदाराच्याच गल्ल्यात पडला, असं आजी शेवटपर्यंत म्हणत होती. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हे कारण मला सापडलेलं नाही. तरी पुस्तकं लिहिणारे वाण्याकडे कधी गेले असतील का, हीही शंका आहेच.

आज ज्याला आपण स्वस्ताईचा काळ म्हणतो, त्याच काळात, १९७२ मध्ये, मुंबईत महागाई प्रतिकार समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागोमाग हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांना कोणी सांगितलं असतं, की पन्नास वर्षांनी लोक तुमच्या या भावांच्या आठवणीने उसासे टाकणार आहेत, तर ती लाटणी त्याच्यावरच पडली असती. १९७४ मध्ये तर महागाईचा दर पंचवीस टक्क्यांच्याही वर गेला.

शिवाय काही भाव कोणी अभिमानाने सांगत नाही. रेडिओ ऐकायचा तर पोस्टात वर्षाचे १५ रुपये भरून परवाना घ्यावा लागे. १९९५ मध्ये मोबाइल आला, तेव्हा एका मिनिटाला सुमारे १६ रुपये पडत, आणि समोरच्याने केलेला फोन उचलला तरी पैसे आपल्यालाच. तेव्हा मोबाइलवर सगळेच मुद्द्याचं बोलत. खरोखर स्वस्त राहिलं ते पोस्टकार्ड. १८७९ मध्ये पाव आणा, आज ५० पैसे. आणि तेच आता कोणी घेत नाही.

आपल्या काळाचे भाव मात्र नातवंडांना सापडणं कठीण आहे. दुकानात मिळणारी पावती थर्मल कागदाची. वर्षा-दोन वर्षांत अक्षरं उडतात आणि कोरा कागद उरतो. तेव्हा एक वही घ्या आणि पेनाने लिहा. दूध लिहा, रिक्षा लिहा, कोथिंबिरीची जुडीही लिहा. किरकोळीचा रकाना ठेवायला हरकत नाही, पण आत काय होतं तेही एकदा लिहून टाका. आता वही कोण वाचतंय?