पार्सल भिवंडीला पोहोचलं

मुंबईतला प्रोग्रेसिव्ह रॉकचा भक्त भिवंडीला कधी येत नाही. त्याच्या रेकॉर्डी येतात. परदेशातून निघालेली, कस्टमच्या तावडीतून सुटलेली किंग क्रिमझनची तबकडी दादरच्या फ्लॅटवर जाण्याआधी आमच्याकडच्या एखाद्या गोदामात मुक्काम ठोकते. भक्त तासातासाला मोबाइल बघतो. पार्सल भिवंडीला पोहोचलं. दुसऱ्या दिवशी, पार्सल भिवंडीतच आहे. तिसऱ्या दिवशी तो मित्रांना विचारतो, ही भिवंडी आहे तरी कुठे?

नाशिक महामार्गावर. कंबर दुखायला लागली की उतरायचं.

त्यातही आम्ही टेमघरचे. कल्याण रोडला ट्रकांची रांग, आतल्या गल्लीत यंत्रमाग. मेट्रो पाचचं स्टेशनसुद्धा आहे. नकाशात.

मागाच्या खटखटीत आपल्याला ताल ऐकू येतो असं सांगणारे कलारसिक अधूनमधून इकडे फिरकतात. त्यांनी कारखान्याला लागून एक खोली भाड्याने घ्यावी. दिवसपाळी ऐकावी. रात्रपाळीनंतर रसग्रहण लिहावं.

तर प्रोग्रेसिव्ह रॉक. १९६९च्या सुमारास इंग्लंडमधल्या काही पोरांना तीन मिनिटांचं गाणं पुरेनासं झालं. त्यांनी ते वीस मिनिटांचं केलं, त्यात बासरी घातली, चर्चचा ऑर्गन घातला, मध्येच ताल बदलला आणि कव्हरवर एक अगम्य चित्र छापलं. किंग क्रिमझन, येस, जेनेसिस, जेथ्रो टल, पिंक फ्लॉइड. काही फार सुंदर झालं, काही फार लांब झालं.

भक्तांना दोन्ही सारखंच प्रिय.

अशा भक्ताला विचारा, अल्बम कसा आहे? उत्तर येतं, ‘यूकेचं फर्स्ट प्रेसिंग आहे.’ अरे बाबा, गाणी कशी आहेत? ‘कव्हरचा कोपरासुद्धा दुमडलेला नाही.’ लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेले बारीक आकडे तो भिंग लावून वाचतो, त्यांचे फोटो काढतो, त्यांवर रात्रभर वाद घालतो.

सुई तिथवर पोहोचते ती गाणी संपल्यावर. त्याची पोहोचतच नाही.

रेकॉर्डीच्या तब्येतीचीही एक परिभाषा आहे. मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस. वधूवर मंडळाच्या वहीतल्या ‘गव्हाळ वर्णा’वर जेवढा विश्वास ठेवावा तेवढाच यावर ठेवावा. सर्वांत वरचा दर्जा सीलबंद प्रतीचा. म्हणजे जी कुणीच ऐकलेली नाही तिची किंमत सगळ्यांत जास्त. संगीताचा याहून मोठा सन्मान कोणता?

पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मार्च १९७३चा. १९८८पर्यंत तो अमेरिकेच्या खपाच्या यादीत ७४१ आठवडे होता. एवढा खप झाल्यावर कंपनीने थांबावं की नाही? छे. तिसावं वर्ष, मग महापेटारा, मग पन्नासावं वर्ष. २०२३मध्ये तर पूर्वी फ्लॉइडमध्ये असलेल्या रॉजर वॉटर्सने तोच अल्बम स्वतःच्या म्हाताऱ्या आवाजात पुन्हा केला. भक्ताने तोही घेतला. आवडला नाही म्हणाला, पण घेतला.

शिवाय स्टीव्हन विल्सन आहेतच. हे स्वतः चांगले संगीतकार. फावल्या वेळात क्रिमझन, टल, येस यांच्या जुन्या टेपा नव्याने मिसळून देतात. म्हणजे एकच अल्बम मूळचा, सुधारलेला, आणि विल्सनचा. तीन प्रती. ऐकायला कान दोनच.

या कानांचीही एक कथा आहे. मोबाइल फिडेलिटी नावाची अमेरिकन कंपनी महागड्या रेकॉर्डी काढते. मूळ टेपवरून थेट काढलेला शुद्ध अॅनालॉग आवाज, अशी तिची ख्याती. डिजिटलचा विटाळ नको म्हणून जगभरचे सुवर्णकर्णी तिच्याकडे रांग लावायचे. २०२२मध्ये उघड झालं की मध्ये अनेक वर्षं डिजिटल टप्पा होता. बोभाटा झाला, कोर्टकचेरी झाली.

इतकी वर्षं एकाही सुवर्णकर्ण्याला ते ऐकू आलं नव्हतं.

शुद्धतेवर बोलायचा हक्क खरं तर टेमघरचा. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी आमच्याकडे शुद्ध होतं आणि ठाणे, मीरा-भाईंदरपर्यंत जातं. आम्ही त्याचे कधी फोटो टाकले?

भक्ताचा दुसरा गर्व तालाचा. ‘मनी’ हे फ्लॉइडचं गाणं सात मात्रांत आहे हे तो अशा स्वरात सांगतो की जणू सात हा आकडा इंग्रजांनी शोधला. गाणं आहे झकासच. सुरुवातीचा नाण्यांचा खळखळाट वॉटर्सने बायकोच्या मातीकामाच्या भांड्यात नाणी टाकून टिपला. गल्ल्याचा आवाज, कागद फाटल्याचा आवाज, असे सात आवाज. टेपचे तुकडे पट्टीने मोजून, कापून, जोडून त्याचं वेटोळं केलं. संगणक नव्हता, कात्री होती. हे ऐकण्याजोगं आहे.

आणि गिटारचा सोलो आला की मंडळी गुपचूप चार मात्रांवर येतात. सातमध्ये वाजवणं त्यांनाही जड गेलं असावं.

इकडे आठवड्यातून दोनदा क्लासला जाणारी पोर रूपक शिकते. सात मात्रा, आणि वर सम खालीवर. जेनेसिसने १९७२मध्ये तेवीस मिनिटांच्या गाण्यात नऊचा हिशेब घातला तर त्यावर अजून लेख येतात. आपल्याकडे नऊ मात्रांचा मत्तताल आहे. त्यावर लेख येत नाहीत, श्रोतेही येत नाहीत.

थांबा, माना डोलवू नका. ‘हे आमच्याकडे आधीपासूनच होतं’ म्हणणारा मराठी माणूस हा त्या भक्ताचाच सख्खा भाऊ. तो लगेच सांगणार, कन्सेप्ट अल्बम कसला घेऊन बसलात, आमचं गीतरामायण बघा! बरोबर आहे. एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, दर आठवड्याला एक, एकूण ५६ गाणी, एक कवी, एक संगीतकार, एक कथा. बीटल्स तेव्हा शाळकरी वयात होते.

यांना विचारा, छप्पन्नपैकी किती ऐकलीत? मग चहा मागवतात.

उलट्या दिशेनेही गंमत आहे. येसच्या जॉन अँडरसनने परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचताना शास्त्रांच्या प्रकारांवरची एक तळटीप पाहिली. श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्र. झालं. १९७३च्या अखेरीस ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ आला. दोन तबकड्या, चार बाजू, चार गाणी, ऐंशी मिनिटं.

ही नुसती तळटीप. पूर्ण पुस्तक मनावर घेतलं असतं तर?

त्यांचाच कीबोर्डवादक रिक वेकमन एवढा कंटाळला की मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याच्यासमोर स्टेजवर करी आली आणि त्याने वाजवता वाजवता ती खाल्ली. मदतनिसाने जेवायला काय हवं विचारलं होतं ते कार्यक्रमानंतरसाठी. त्याने आणलं तिथल्या तिथे. पुढच्या वर्षी वेकमन बँड सोडून गेला. श्रुती-स्मृतींच्या ऐंशी मिनिटांत भारतातून आलेलं सगळ्यात खरं काय होतं, तर ती करी.

सगळेच संग्राहक असे नसतात. १९९०मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या शोधल्या, त्यांच्या याद्या केल्या, ‘द रेकॉर्ड न्यूज’ नावाचं नियतकालिक चालवलं. आकडे त्यांनीही वाचले. पण ते अशासाठी, की कुठलं गाणं कोणत्या साली, कोणत्या मुक्कामी ध्वनिमुद्रित झालं ते आकड्यावरून लागतं. १९०२मध्ये कलकत्त्यात गौहर जान गायल्या, ते ध्वनिमुद्रण तबकडी व्हायला जर्मनीत हॅनोव्हरला गेलं. म्हणून तर त्या काळचे गायक शेवटी स्वतःचं नाव सांगायचे. तिकडच्या कारागिराला कळायला हवं ना, कोण गायलं ते.

आणि मुख्य म्हणजे ही मंडळी जमून रेकॉर्डी ऐकायची. विचित्रच माणसं.

दुर्मिळतेचं म्हणाल तर केसरबाई केरकरांपुढे कुणाचं काय चालणार? १९७७मध्ये नासाने दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी चढवली. तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. अवकाशात प्रती दोन. दोन्ही सूर्याचा शेजार ओलांडून पुढे गेल्या. वीस मिनिटांच्या गाणेवाल्यांपैकी एकालाही जागा मिळाली नाही.

त्या प्रतींचं पार्सल भिवंडीत अडकलं नाही हे नशीब.

आता कार्यक्रम. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ गाजायचं. उघडं नाट्यगृह, घामाघूम पोरं, फाटके स्पीकर. पुढे शांतता क्षेत्राचे नियम आले, रंगभवन मुकं झालं. रात्री दहाचा काटा आता सवाई गंधर्व महोत्सवालाही लागू आहे. रॉकवाल्यांचं आणि ख्यालवाल्यांचं कधी नव्हे ते एका मुद्द्यावर एकमत झालं.

मिरवणुकीतल्या डीजेला मात्र घड्याळ कुणी दिलेलं नाही.

फेब्रुवारी २००७मध्ये रॉजर वॉटर्स मुंबईत येऊन गेला. त्या रात्री आपण तिथे होतो असं सांगणाऱ्या माणसांची संख्या दरवर्षी वाढते. या वेगाने २०५०पर्यंत ते मैदान पालघरपर्यंत पसरेल. डिसेंबर २००९ला विल्सन यांचा बँड पॉर्क्युपाइन ट्री आयआयटी मुंबईच्या ‘मूड इंडिगो’त वाजवून गेला, त्याचंही तेच. पवईचा तलाव बुजवला तरी एवढी गर्दी मावायची नाही.

होते तेव्हा करत काय होते? हल्ली निदान पुरावा असतो. जानेवारी २०२५मध्ये नेरुळला कोल्डप्ले आला तेव्हा हजारो हात वर होते आणि प्रत्येक हातात फोन. ते चित्रीकरण नंतर कोण बघतं? ज्यांना तिकीट मिळालं नाही ते, मत्सरापोटी.

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६च्या फेब्रुवारीत बंद झालं. शेवटच्या दिवसांत काय ती गर्दी, काय ते उमाळे! गल्ल्याशी मात्र आधीची कित्येक वर्षं शुकशुकाट होता. पुढे ती जागा नीरव मोदीच्या कंपनीने घेतली आणि मग ईडीने जप्त केली. ‘मनी’ची रेकॉर्ड विकणाऱ्या दुकानाचा याहून चपखल शेवट वॉटर्सलाही सुचला नसता.

हल्ली तक्रार अशी की मुंबईत मोठ्या कार्यक्रमांना जागाच नाही. जागा नाही? आमच्याकडे या. फुटबॉलचं मैदान मावेल एवढी एकेक गोदामं, उंच छपरं, रात्रभर जाग, आणि शेजाऱ्यांची तक्रार नाही, कारण शेजारी माग आहेत. युरोपात पोरं पडक्या गोदामांत कार्यक्रम करतात आणि त्याला संस्कृती म्हणतात. आपल्याकडच्या धडधाकट गोदामांत शाम्पू ठेवतात.

मी म्हणतो एवढं मोठं नको. एकदा भक्तांच्या कंपूत साधा प्रस्ताव टाकून बघा. रविवारी दुपारी टेमघरला जमायचं. जेथ्रो टलचा १९७२चा ‘थिक अॅज अ ब्रिक’ लावायचा. दोन्ही बाजूंना मिळून एकच गाणं, पाऊण तासाच्या आतबाहेर. असल्या अगडबंब अल्बमांची टिंगल म्हणूनच त्यांनी तो केला होता, कव्हरच्या जागी बारा पानांचं खोटं वर्तमानपत्र छापून. फोन बंद. बोलायचं नाही. बाजू बदलायला एकानेच उठायचं.

पहिला प्रश्न येईल, प्रेसिंग कुठलं? दुसरा, वर्तमानपत्राची सगळी पानं आहेत का? तिसरा, पार्किंगचं काय?

आणि मग कोणीतरी पुणेकर विचारेल, टेमघर म्हणजे ते मुळशीतलं धरण ना?