पाणी कुठनं येतं?

तात्या कुणाच्याही नव्या घरी गेले की हॉल बघत नाहीत, देवघर बघत नाहीत, समोर आलेल्या पोह्यांकडंही बघत नाहीत. सरळ मोरीत जातात आणि नळ सोडतात. धार करंगळीएवढी की अंगठ्याएवढी, बादली किती वेळात भरते, हे मान तिरकी करून न्याहाळतात आणि बाहेर येऊन धोतराला हात पुसत विचारतात, "पाणी कुठनं येतं?"

मी पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला, भटजींचे मंत्र चालू असताना, हा प्रश्न आला होता. मी म्हणालो, "टाकीतनं." तात्या म्हणाले, "आन् टाकीत?" मला सांगता येईना. वीस वर्षांचं कर्ज अंगावर घेतलेल्या पुतण्याला एवढं माहीत नसावं याचं त्यांना जे वाईट वाटलं, ते पंगत उठेपर्यंत टिकलं. मग बाल्कनीत उभं राहून त्यांनी समोरच्या सगळ्या खिडक्या मोजल्या आणि माझ्या सासऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं दुसरा प्रश्न टाकला. "रातच्याला बारा वाजता काय झालं, तर खांद्याला चार माणसं मिळतील का हितं?" बायको त्या दिवसापासून तात्यांना वाढते मनापासून, पण बसते जरा लांब.

तात्या माझे चुलते. मुक्काम कळस, तालुका इंदापूर. खडकवासल्याचा कालवा पुण्याहून निघून हवेली, दौंड करत करत आमच्या तालुक्यात येऊन संपतो. वरच्यांची तहान भागून काही उरलं तर ते आमचं. आवर्तन सुटलं अशी बातमी पेपरात आली की ते पाणी शेतात दिसेपर्यंत माणसाचा स्वभाव बदलतो. त्यामुळं तात्यांच्या शब्दकोशात 'शेपूट' याच्याइतकी मोठी शिवी नाही. स्थळ कितीही चांगलं असू दे, मुलगा निर्व्यसनी असू दे, "पर रान शेपटाला हाय त्यांचं," एवढं तात्या बोलले की ती सोयरीक मोडलीच.

गावात कुणाची बदली झाली, कुणी शिकायला बाहेर निघालं, की जागा बघायला तात्यांना नेतात. म्हणजे न्यायचे नसतात, ते येतात. भावकीतला एक पोरगा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात कॉट बेसिसवर खोली शोधत होता. तात्यांनी पहिली जागा नापास केली, कारण खिडकी उघडली की समोर भिंत. दुसरी नापास केली, कारण घरमालक फार गोड बोलला. "पहिल्याच दिशी चहा पाजतोय, म्हंजे आधीचा भाडेकरू भांडून गेलाय." तिसरी पसंत पडली. तिच्या पाठीमागं मंगल कार्यालय होतं, ते तात्यांना दिसलं नाही, कारण ते दिवस लग्नाचे नव्हते. पोरानं तीन वर्षं वरातीच्या बँडवर राज्यघटना पाठ केली. परीक्षा निघाली नाही. आता तो कृषी सेवा केंद्र चालवतो आणि झकास चालवतो. याचंही श्रेय तात्या त्या खोलीला देतात.

अशा माणसाचं स्वतःचं घर कसं असावं? पश्चिमेला तोंड करून, खोलगटात. उन्हाळ्यात चारनंतर भिंतीला पाठ टेकवत नाही आणि पाऊस जरा जोरात झाला की अंगणात बदकं सोडावीत. एस.टी.चा थांबा दारात आहे म्हणून तिथं बांधलं, आणि घरभरणी झाल्यावर थोड्याच दिवसांत थांबा पुढं सरकला. कुणी हे काढलं की तात्या बिलकूल चिडत नाहीत. "माझी चुकली म्हणून तर मला कळतं," म्हणतात. यावर काय बोलणार?

पण त्यांच्या या खोडीचं मूळ पळसदेवला आहे. त्यांची थोरली बहीण, आमची आक्काआत्या, तिथं दिली होती. उजनी धरण झालं, १९८० साली पुरं झालं, आणि भीमेचं पाणी मागं सरकत सरकत जुन्या पळसदेवात शिरलं. गाव उठून वर, सोलापूर रस्त्याकडं आलं. तेव्हा तात्या विशीतले. बैलगाडी घेऊन गेले आणि बहिणीच्या घराचे वासे, तुळया, पत्रे, सागवानी चौकट, सगळं उतरवून आणलं. नवी जागा कुठली धरायची यावर मेव्हणे आणि तात्या यांच्यात आठ दिवस खल चालला होता म्हणतात. अजूनही उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुनं पळसनाथाचं देऊळ वर येतं, पुण्यामुंबईची माणसं फोटो काढायला होड्या करून जातात. तात्या एकदाच गेले. देवळाकडं पाठ करून आक्काची मोरी कुठं होती ते शोधत बसले.

तर अशा तात्यांपुढं माझ्या पुतणीनं स्टुटगार्टचा विषय काढला.

पोरगी नर्स. जी.एन.एम. झालेली, पुण्यात आय.सी.यू.त उभं राहून तीन वर्षं काढलेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही होत्या, आणि तेव्हापासून आमच्याकडं चहाच्या टपरीवरही 'डेर, डी, दास' ऐकू यायला लागलं. हिनं भाषेची बी-टू परीक्षा काढली आणि त्या राज्याच्या राजधानीजवळच्या एका हॉस्पिटलचं पत्र आणलं. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, असं मी ज्ञान पाजळलं. तात्या म्हणाले, "मंग सोयरीक जुनीच म्हणायची. पाणी कुठनं येतं?"

दुर्दैवानं पोरीनं ते शोधून ठेवलेलं होतं. स्टुटगार्टचं बरंचसं पाणी बोडन्से नावाच्या मोठ्या सरोवरातून येतं, शंभरावर किलोमीटर नळ टाकून, थेट दक्षिण टोकाकडून. ओट्यावर शांतता पसरली. तात्यांनी तपकिरीची डबी बंद केली.

"म्हंजे खडकवासलाच की! आगं, एवढं शिकून परत शेपटालाच चाललीस?"

तिथं चोवीस तास पाणी असतं, हे पटवायला तिला दोन संध्याकाळी लागल्या. मग भाड्यावर गाडी आली. जर्मनीत भाड्याचे दोन आकडे सांगतात, एक थंड आणि एक गरम. थंड म्हणजे नुसत्या जागेचं; गरम म्हणजे त्यात घर तापवायचा, पाण्याचा, कचऱ्याचा खर्च धरून. अनामत थंड भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, तसा कायदाच आहे. तात्यांनी कायद्याला मान डोलावली, पण "थंड भाडं भरून गारठून मरायचं का?" हा मुद्दा सोडला नाही. शिवाय राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत तिथल्या कचेरीत नाव नोंदवायचं, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. "तलाठ्याचा दाखला," तात्या म्हणाले. परदेश त्यांना हळूहळू ओळखीचा वाटायला लागला होता.

खरा बॉम्ब पुढं होता. तिकडं पुष्कळ घरं स्वयंपाकाच्या ओट्याशिवाय भाड्यानं मिळतात. कपाटं, सिंक, शेगडी, सगळं आधीचा भाडेकरू उचकटून बरोबर घेऊन जातो. माझी वहिनी म्हणाली, "शी! ही कसली माणसं?" सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं. तात्या कधी नव्हे ते जर्मनांच्या बाजूनं बोलले. "न्हेणारच की. आक्कानं चौकट न्हाय का आणली?"

जागा तीन होत्या. पहिली हॉस्पिटलच्या वसतिगृहातली खोली. तात्यांनी उडवली, कारण साखर कारखान्याच्या कॉलनीत राहिलेल्या मेव्हण्याला सुट्टीच्या दिवशीही हाक मारून न्यायचे. "कामाच्या दारात ऱ्हाऊ ने." दुसरी डोंगरावरच्या खेड्यातली, एकटीची, स्वस्त. रविवारी तिथली शेवटची बस लवकर जाते, आणि नर्सला रविवार कसला? ती गेली. तिसरी शहराच्या कडेला, केरळच्या दोन नर्सबरोबर. भाडं तिघींत वाटून. मल्याळी पोरी म्हटल्यावर तात्या खूश झाले, कारण बारामतीला त्यांना इंजेक्शन देणारी सिस्टर केरळची होती आणि तिचा हात हलका होता. पण हिशेब चुकत होता.

"तीन पोरी. चौथा खांदा?"

"खाली घरमालकीण असते, तात्या. ब्याऐंशी वर्षांची."

"ती दील खांदा?"

"तिलाच द्यावा लागेल."

तात्या एवढे हसले की ठसका लागला. जागा पास. मग फोनच्या नकाशावर बस-थांब्यापासून दारापर्यंतचा रस्ता त्यांनी बोटानं चालून बघितला. सातदा. वाटेत एक वळण आहे, एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला गॅरेज. तिथं त्यांचं बोट दर वेळी थांबायचं. "हितं दिवा हाय का?" फोटो दिवसाचा. दिसेना.

पोरगी गेली. म्हातारी घरमालकीण कडक निघाली. त्या भागात जिना झाडायची पाळी लावायची जुनी रीत आहे, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी अडकवतात. हे कळल्यावर तात्यांच्या मनात जर्मनीबद्दल जो आदर निर्माण झाला तो कशानंच झाला नव्हता. "पाळी पाळणारी माणसं हायत. आपल्या कालव्यावर आणा म्हणावं दोघं." दर शनिवारी आता त्यांचा फोन जातो: पाटी कुणाच्या दारावर हाय, कोपरे झाडलेस का, म्हातारी काय म्हणली. पोरगी वैतागते. मला मेसेज करते, "काका, तात्यांना आवरा."

कसं आवरणार? संध्याकाळची पाळी सुटून ती बसमधून उतरते तेव्हा आपल्याकडं रात्रीचा एक झालेला असतो, थंडीत दोन. गेल्या महिन्यात मी गावी होतो. लघवीला उठलो तर ओट्यावर बल्ब चालू, तात्या कांबळं पांघरून बसलेले, फोन स्पीकरवर. पलीकडून पोरीच्या बुटांचा आवाज येत होता.

"आलं का वळण?"

"आलं."

"दिवा?"

"आहे ओ तात्या. सेन्सरचा आहे. माणूस जवळ आलं की आपोआप लागतो."

तात्यांनी जरा विचार केला.

"म्हंजे आधी आपुन अंधारात जायचं, मंग त्यो लागनार."

"हो."

"मंग पळत जा की गं!"