अनसिंगला बॅटरीची बाधा

काय दिवस आले बाप्पा! सोयाबीनचा भाव विचारायचा सोडून अनसिंगच्या स्टँडवर माणसं एकमेकांना विचारतात, "एनएमसी का एलएफपी?" चहा घशाखाली उतरत नाही, तोवर कोबाल्ट निघतो. अरे, काल-परवापर्यंत बॅटरी म्हणजे रात्री वावरात पाणी द्यायला जाताना हातात धरायची, तीच ना? भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्ग खाणीतलं मँगनीज सेलमध्ये जातं, याची कधी कुणी चौकशी केली होती?

आता चौकशीशिवाय घास जात नाही. किलोमागे वीज किती मावते, यावर तर हमरीतुमरी! शिशाची बॅटरी किलोला 30-40 वॅट-तास धरते, लिथियमचे चांगले सेल 250 पर्यंत जातात, हे पोराटोरांना तोंडपाठ. 2020 साली टाटांच्या विजेवरच्या नेक्सॉनमध्ये 30.2 युनिटची बॅटरी बसली, तेव्हा आपण तोंडात बोट घातलं होतं. 2024 च्या नोव्हेंबरात महिंद्रांनी 79 युनिटची आणली, तर आपण काय म्हणालो? "एवढीच काऊन?" मोटारीला लाईन यावी म्हणून रात्र-रात्र जागणारे आपण, अन् गाडीच्या पोटात एखाद्या घराचा महिना काटकसरीनं निघेल एवढा करंटही आपल्याला कमीच!

सगळ्यात कडवा कोण? बुलेटच्या धडधडीशिवाय ज्याला झोप येत नव्हती, तो. आता तोच बजावतो, "निकेल-कोबाल्टवाली एनएमसी हलकी खरी, पण तापली की भडकायची भीती जास्त. लोह-फॉस्फेटवाली एलएफपी जड असो, आपल्या उन्हाळ्याला तीच बरी!" त्यात 2023 च्या डिसेंबरात पुण्याच्या केपीआयटी कंपनीनं आयसर या संशोधन संस्थेच्या साथीनं सोडियमची बॅटरी पुढं आणली. झालं! गाडी मिठावर चालणार म्हणे! तेवढ्याच वजनात ती लिथियमपेक्षा कमी वीज धरते, हे ऐकायला सवड कुणाला? आणि लिथियम बॅटरीसाठी 2019 चं नोबेल मिळालं तेव्हा जॉन गुडइनफ 97 वर्षांचे होते, हे कळल्यापासून पारावरचे म्हातारेही भलत्याच उमेदीत आहेत.

यातल्या किती जणांच्या दारात अशी गाडी उभी आहे, ते तेवढं विचारू नका.

तुम्ही काय हसताय? रात्री अकराला पांघरुणात मोबाईल धरून 'सॉलिड स्टेट बॅटरी कधी येणार' कोण बघत होतं? बघा, बेलाशक बघा. फक्त आवाज बारीक ठेवा. भिंतीपलीकडे आम्हीही तेच लावलेलं असतं, नीट ऐकू येत नाही.