नर्सिंगला नंबर लागलेल्या पोरीची सामानसंहिता

(आरमोरी तालुक्यापुरती. कुरखेडा, कोरची, धानोऱ्याकडच्या मुलींनाही लागू. ब्रह्मपुरीकरांना वैनगंगेच्या पलीकडे राहून सगळंच कळतं, तेव्हा त्यांच्यावर सक्ती नाही.)

उद्देश. पोरीचा नर्सिंगला नंबर लागला की घरात पेढ्याच्या आधी यादी येते. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बीएस्सी चार. पण यादी तिन्हींची सारखीच लांब, कारण ती कॉलेज करत नाही, मामा करतो. मामाने दवाखाना पाहिलेला असतो तो टीव्हीवरच्या मालिकेत, आणि तिथे सिस्टर फक्त ट्रे घेऊन दारातून आत येते. धान विकून आलेले पैसे अशा यादीवर उधळले जाताना बघवत नाहीत, सबब निवृत्त सिस्टर या अधिकाराने मी ही संहिता जारी करीत आहे. हरकती पंधरा दिवसांत लेखी कळवाव्यात. वाचल्या जाणार नाहीत.

कलम १ : स्टेथोस्कोप

मामाच्या यादीत हा पहिला. मामा खास नागपूरला जातो, मेडिकल चौकातल्या दुकानात सगळ्यात महागाचा मागतो, रंग मोरपंखी. संध्याकाळी पोरगी तो गळ्यात घालून दारात उभी राहते, फोटो स्टेटसला लागतो, खाली आत्याबाई ‘आमची डॉक्टरीन’ असं लिहितात आणि तीन वर्षांच्या गैरसमजाचा पाया घातला जातो.

१८१६ साली पॅरिसात लेनेक नावाच्या डॉक्टरने पहिल्यांदा नळीतून छाती ऐकली ती कागदाची सुरळी करून. मोरपंखी मिळाला नव्हता, तरी त्याला ऐकू आलं. त्यामुळे साधा, जाड नळीचा घ्यावा आणि नळीवर चिकटपट्टीने नाव लावावं. कानात घालताना त्याच्या दांड्या पुढे, नाकाच्या दिशेने वळलेल्या असाव्यात. उलट्या घालून ‘मॅडम, ह्यांना बीपीच नाही’ असं घाबऱ्याघुबऱ्या सांगत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. बीपी नसलेला इसम खाटेवर बसून निवांत खर्रा घोटत होता.

बीपीचं यंत्र विकत घेऊ नये, वार्डात असतं. विकत घ्यायचा तो धीर. वडशाहून काळीपिवळीत कोंबून आलेल्या बाईला आधी पाच मिनिटं टेकू द्या. ब्लाउजची घट्ट बाही वर सारून तिच्याखाली पट्टा बांधू नका, आवळलेली बाहीच अर्धा दंड दाबून धरते. हात छातीच्या उंचीवर हवा, पायावर पाय नको, आणि मोजताना बोलणं बंद. आमच्याकडची बाई बोलायची थांबत नसते, हे मान्य. तरी ‘नातू कितवीत गेला जी?’ हे निदान तुम्ही तरी पट्टा सोडल्यावर विचारा.

कलम २ : घड्याळ

मामाच्या यादीत हे नसतंच. सेकंदकाटा असलेलं, आकडे ठसठशीत असलेलं, स्वस्तातलं स्वस्त. मनगटावर नाही, छातीशी पिनेने अडकवायचं. कोपराखाली काही असलं की हात नीट धुतले जात नाहीत, बांगडी असो की घड्याळ. ‘मोबाईलमध्ये असते ना मॅडम’ हे उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही. मोबाईल एकदा निघाला की त्यात सेकंद सोडून बाकी सगळं दिसतं.

आता या कलमाचं खरं कारण. वार्डातल्या प्रत्येक पेशंटचे श्वास मिनिटाला २० असतात. म्हाताऱ्याचे २०, दम्यावाल्याचे २०, बाळंतिणीचे २०. सकाळी सुट्टी होऊन घरी गेलेल्या गृहस्थाचेही दुपारच्या तक्त्यात २० लिहिलेले मी वाचले आहेत. तब्येत एकदम ठणठणीत असणार, खाट मात्र रिकामी होती.

श्वास मोजतोय हे पेशंटला सांगू नये. सांगितलं की माणूस श्वास घ्यायचा विचार करायला लागतो आणि सगळं बिघडतं. नाडी मोजून झाली तरी मनगट तसंच धरून ठेवावं आणि नजर छातीकडे न्यावी. लहान मूल रडत नसताना, पीत नसताना, पूर्ण एक मिनिट मोजावं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नये. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा त्याहून जास्त, पुढे वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० भरले की लगेच वर कळवायचं.

याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते अशा दाईंसाठी त्यांनी एक साधन केलं : मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर आलं की बाळाला न्यूमोनिया समजायचा. अक्षर न शिकलेल्या बायांनी मण्यांवर श्वास मोजले, आणि पदवी घेतलेली पोरगी २० लिहून मोकळी होते! मला राग येतो. संहितेत राग बसत नाही हे माहीत आहे, पण येतो.

कलम ३ : पांढरे बूट

दोन जोड. पावसाळ्यात वैनगंगा, गाढवी, खोब्रागडी यांपैकी एकीने तरी कुठला ना कुठला रस्ता अडवलेला असतो आणि बूट हातात घेऊन चालावं लागतं. हातात घेतलेले बूट पांढरे राहतात, हा एकच फायदा.

कलम ४ : टॉर्च

पेनाएवढी टॉर्च बुबुळं तपासायला. मोठी टॉर्च रस्त्याला. दोन्हींत गल्लत करू नये. पेन टॉर्चने डोळ्याची बाहुली दिसते, वाघ दिसत नाही. २०२२ साली वडसा वनविभागात सीटी-१ वाघ पिंजऱ्यात जाईपर्यंत या भागात संध्याकाळच्या ड्युटीनंतर एकटीने घरी जाणं हा विनोद नव्हता, आणि हत्तींचा कळप २०२१ पासून येऊन राहिलाय तो अजून पाहुणा म्हणावा की गावकरी ते ठरायचं आहे. जोडीने जावं. बाकी सूचना वनविभागाच्या.

कलम ५ : पुस्तके

पार्कचं सामाजिक आरोग्याचं आणि दत्ताचं बाळंतपणाचं ग्रंथालयात बसून वाचावं. स्वतःचं घेतलंच तर उशाला उंची बरी येते. सलाइनच्या थेंबांचं सूत्र मात्र वहीच्या पहिल्या पानावर हवं : मिलिलिटर गुणिले नळीचे थेंब, भागिले मिनिटं. ५०० मिली आठ तासांत द्यायचं आणि नळी मिलिलिटरला २० थेंबांची असेल तर मिनिटाला २१ थेंब. साठ थेंबांच्या बारीक नळीला गणितच नाही. तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब. नळीच्या पाकिटावर थेंब छापलेले असतात, पाकीट फेकायच्या आधी वाचावं. नातेवाईक चाक फिरवून ‘लवकर संपवतात’, त्यावर कुठल्याही पुस्तकात उपाय नाही.

कलम ६ : गोंडी बोलणारी मैत्रीण

दुकानात मिळत नाही. हॉस्टेलच्या खोलीत असल्यास खिडकीजवळची खाट तिला द्यावी आणि तिच्याशी भांडू नये. कोरचीकडची आजी पोटावर हात ठेवून काय सांगते आहे ते पार्कलाही कळलं नसतं.

कलम ७ : कम्युनिटी बॅग आणि वर्तमानपत्र

बॅग कॉलेज देतं. वर्तमानपत्र आपण न्यायचं, आणि संहितेतलं हे सगळ्यात नाजूक सामान आहे.

शास्त्र असं : घरी गेल्यावर बॅग जमिनीवर ठेवायची नाही. स्वच्छ जागी वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर बॅग. पहिल्यांदा फक्त साबण आणि टॉवेल काढायचा, बॅग बंद करायची, हात धुवायचे, मगच बाकीचं सामान काढायला पुन्हा उघडायची. काम झालं की पुन्हा हात धुणं, सामान आत, आणि कागदाची जमिनीला लागलेली बाजू आत येईल अशी घडी. मॅडम वर्गात हे करून दाखवतात तेव्हा देवपूजेसारखं शांत चालतं.

गावात काय होतं? पडवीत कागद पसरला की घरातले आजोबा चष्मा लावतात. ‘थांब गे पोरी, हे धानाच्या बोनसचं हाय काय?’ बोनसचंच असतं. मग आजोबा वाकून बातमी शेवटपर्यंत वाचतात, सरकारला दोन शब्द ऐकवतात, शेजाऱ्याला हाक मारतात, आणि पोरगी बॅग छातीशी धरून उभी. बॅग खाली ठेवायची नाही, हा नियम ती विसरत नाही, याबद्दल तिचं कौतुक.

म्हणून पोटकलमं. कागद निदान पंधरवडाभर जुना असावा. बोनस, बिबट, बदल्या असल्या बातम्या खालच्या बाजूला घालाव्यात. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा वडशाच्या कंपन्यांच्या जाहिराती असलेलं पान चुकूनही नेऊ नये. आजोबाच नाही, सगळी आळी गोळा होते आणि गरोदर बाई स्वतः उठून नट कोण ते बघायला येते. निविदांचं पान उत्तम. ते कोणीच वाचत नाही.

त्याच बॅगेत शिंप्याची फायबरची फीत ठेवावी, कापडी नको, कापडी ताणली जाते. पाचव्या महिन्यानंतर ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंतचं अंतर जितके सेंटिमीटर, साधारण तितके आठवडे. पिनार्डची नळी असेल तर ती पोटावर टेकवून कान लावल्यावर हात काढून घ्यावा, कानानेच दाब द्यावा, आणि त्याच वेळी आईची नाडी बोटाखाली धरावी. नाहीतर आईचेच ठोके बाळाचे म्हणून रजिस्टरला चढतात.

कलम ८ : गरम पाण्याची रबरी पिशवी

आमच्या जिल्ह्यात सिकलसेलची पोरं दुखण्याने विव्हळत येतात. सांधा सुजलेला दिसला की नवशिकी मुलगी बर्फ आणायला धावते. बर्फ नको. गारठ्याने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. ऊब, पाणी भरपूर, आणि डॉक्टरांनी लिहिलेलं दुखण्याचं औषध वेळेवर. पिशवी दोनतृतीयांश भरून हवा काढावी, बूच घट्ट लावून उलटी धरून बघावी, कापडात गुंडाळावी. आणि ‘हे पोट्टं नाटक करते’ असं जो म्हणेल त्याच्याकडे ही पिशवी न गुंडाळता द्यावी.

कलम ९ : पेन्सिल

शिसपेन्सिल. हिवतापाची रक्तपट्टी घेताना पातळ थरावर नाव आणि नंबर पेन्सिलीनेच लिहायचा, कारण स्पिरिटात शाई धुऊन जाते आणि कोणाचा हिवताप कोणाला लागला ते कळत नाही. गडचिरोलीत हे कलम पाठ हवं. पेन्सिलीचा दुसरा गुण असा की ती कोणी मागत नाही. यावरून पुढचं कलम.

कलम १० : पेन

इथे मी शक्य तितक्या सौम्य भाषेत लिहिणार आहे.

डॉक्टर राउंडला पेन घेऊन येत नाहीत. एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत ही वस्तू अभ्यासक्रमाला नसावी. ते खाटेपाशी थांबतात, डावा हात केसपेपरला आणि उजवा हात हवेत पसरतात, आणि त्या हातात पेन उगवतं. ते निळं असतं, नवं असतं, आणि पहिल्या वर्षाच्या मुलीचं असतं. औषध लिहून झालं की पेन आपोआप पांढऱ्या कोटाच्या खिशात जातं, जिथे आधीच त्याची भावंडं असतात. माझी उमेद अशा खिशांत गेली. कोणत्या दवाखान्यात ते विचारू नका. सगळे खिसे सारखेच खोल असतात.

उपाय : टिकटिक बटणाचं पेन कधीही घेऊ नये. टोपणाचंच घ्यावं, टोपण काढून मुठीत ठेवावं आणि नुसतं पेन द्यावं. उघडं पेन खिशाला लागलं तर शाई कोटाला लागते, एवढं वैद्यकीय ज्ञान डॉक्टरांना असतं. शिवाय एक लाल पेन ठेवावं. बहुतेक वार्डांत तक्त्यावर ताप निळ्याने आणि नाडी लालने काढतात, म्हणून ते लागतंच. आणि लालने औषध लिहायला डॉक्टर लाजतात.

एवढं सगळं मिळून मामाच्या मोरपंखी स्टेथोस्कोपच्या निम्म्यातही बसतं. उरलेले पैसे मामाने पोरीच्या मेसला भरावेत. रात्रपाळीला पोरी उपाशी उभ्या असतात, ते कुठल्याच यादीत नसतं.

राउंड आटोपून चहा घेता घेता हे वाचणाऱ्या डॉक्टरसाहेबांना विनंती : जरा खिशात हात घाला. त्यातलं निदान एक पेन तुमचं नाही. ते आज रात्रपाळी लागायच्या आत वार्डात आणून द्या, त्या पोरीला श्वास लिहायचे आहेत.